अणू, बंध आणि मिश्रणं: आठवी ते दहावीच्या मुलांचे वारंवार येणारे प्रश्न

दर वर्षी तेच प्रश्न येतात, मुलांकडून येतात, पालकांकडून येतात, आणि दर वेळी फोनवर घाईत अर्धवट उत्तर द्यावं लागतं, म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. पुस्तकात अणूचा धडा एकीकडे, रासायनिक बंध दुसरीकडे आणि मिश्रणं वेगळी करणं भलत्याच इयत्तेत, त्यामुळे मुलांना या तीन वेगवेगळ्या गोष्टी वाटतात. मला त्या एकच वाटतात. कुठलाही पदार्थ समोर आला की विचारायचं, इथे कुणी कुणाला धरून ठेवलंय आणि किती घट्ट? उत्तर मिळालं की तो कसा वेगळा करायचा हे बहुतेक वेळा आपोआप कळतं. खाली हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे.

अणू कुणी खरंच पाहिलाय का, की फक्त मानायचं?

बरीच वर्षं मानूनच काम चालू होतं. डाल्टनने १८०८ च्या सुमारास अणूची कल्पना मांडली ती वजनांच्या प्रमाणावरून, म्हणजे संयुगात मूलद्रव्यं नेहमी ठरावीक प्रमाणातच का येतात याचं उत्तर शोधताना. त्याच्याकडे अणू दाखवायला काहीच नव्हतं. मग १९८१ मध्ये झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप बनवला, त्यात एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवतात आणि तिच्यातून वाहणाऱ्या बारीकशा विद्युतधारेवरून एकेका अणूचा उंचवटा कळतो. १९८६ ला त्यांना नोबेल मिळालं. १९८९ मध्ये तर झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवून त्यांची अक्षरं मांडली गेली. त्यामुळे आज "अणू दिसत नाही" हे उत्तर अपुरं आहे. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही असं लिहा, कारण प्रकाशाची तरंगलांबी अणूच्या आकाराच्या काही हजार पट मोठी असते.

अणू जवळजवळ रिकामा असतो म्हणतात, मग भिंतीतून हात आरपार का जात नाही?

हा प्रश्न विचारणारं मूल खरंच विचार करतंय, त्याला गप्प बसवू नका. रुदरफोर्डच्या प्रयोगशाळेत १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, तेव्हा मार्सडेन अजून शिकत होता, वय वीस. बहुतेक कण सरळ आरपार गेले आणि हजारोंमधून एखादा उलटा परत आला. त्या उलट आलेल्या मोजक्या कणांवरून रुदरफोर्डने १९११ मध्ये सांगितलं की सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मध्यभागी एका अगदी छोट्या जागेत आहे. सोन्याचं केंद्रक हरभऱ्याच्या दाण्याएवढं धरलं तर पूर्ण अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा होईल.

मग हात का अडतो? कारण उरलेली जागा इलेक्ट्रॉनांनी व्यापलेली आहे. हाताच्या अणूंचे इलेक्ट्रॉन आणि भिंतीच्या अणूंचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, शिवाय एकाच जागी एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत असा निसर्गाचा नियमही आहे. अल्फा कण आरपार जातो कारण तो स्वतः नुसतं केंद्रक असतो, त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनच नसतात, आणि तो प्रचंड वेगात असतो.

तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात ना, मग पोटॅशिअमचं २, ८, ९ का नाही, २, ८, ८, १ का?

शाळेपुरतं उत्तर: सगळ्यात बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत, म्हणून एकोणिसावा चौथ्या कवचात जातो. कॅल्शिअमचं तसंच, २, ८, ८, २.

खरं कारण अकरावीत येतं. कवचाच्या आत उपकवचं असतात आणि चौथ्या कवचाचं पहिलं उपकवच हे तिसऱ्याच्या शेवटच्या उपकवचाच्या आधी भरतं. म्हणूनच पुढच्या स्कँडिअमला, म्हणजे एकविसाव्याला, २, ८, ९, २ अशी मांडणी मिळते. तेव्हा बाहेरचं कवच चौथं असतं म्हणून तिसऱ्यात नऊ चालतात. हे एवढं सांगितलं तरी हुशार मुलांचं समाधान होतं.

क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ आहे, अर्धा न्यूट्रॉन असतो का?

नाही. निसर्गात क्लोरीनचे दोन समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले अणू, आहेत, वस्तुमान ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. (३५ × ३ + ३७) भागिले ४ केलं की ३५.५ येतं. कुठल्याही एका अणूचं वस्तुमान ३५.५ नसतं, ती सरासरी आहे.

सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि क्लोरीनला घ्यायचा असतो, असंच ना?

असंच शिकवतात. आणि इथेच गडबड सुरू होते. "अणूला अष्टक पूर्ण करायची इच्छा असते", म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन हवे असतात, हे वाक्य लक्षात ठेवायला सोपं आहे, पण त्याने कारण काही कळत नाही, म्हणून जरा आकडे बघू, हे आकडे परीक्षेत येणार नाहीत तरी एकदा बघाच.

सगळे आकडे एका मोलसाठी आहेत, एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. सोडिअमच्या अणूमधून बाहेरचा एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते. म्हणजे सोडिअम तो खुशीने देत नाही, ओढून काढावा लागतो. क्लोरीनच्या अणूने इलेक्ट्रॉन घेतला की ३४९ किलोज्यूल सुटतात. ४९६ घातले, ३४९ परत आले, व्यवहार तोट्यातच आहे! वर घन सोडिअमचे सुटे अणू करायला १०७ आणि क्लोरीनच्या रेणूचे दोन अणू वेगळे करायला १२१, आपल्याला त्यातला एकच अणू लागतो म्हणून अर्धाच खर्च. एकूण खर्च ७२४, मिळाले ३४९.

मग मीठ बनतंच कसं? कारण धन आणि ऋण आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले आणि कमावलेले अणू, तयार झाल्यावर ते सुटे राहत नाहीत, एकमेकांना ओढून स्फटिकात रचले जातात आणि त्या रचनेत ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ३४९ अधिक ७८७ म्हणजे ११३६, त्यातून ७२४ गेले, ४१२ किलोज्यूल नफा. सोडिअम आणि क्लोरीन एकत्र आले की पिवळ्या ज्वाळेने पेटतात ती ही ऊर्जा.

म्हणजे आयनिक बंधाचं मूळ इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत कमी आणि त्यानंतरच्या स्फटिकातल्या ओढीत जास्त आहे. आणि सोडिअम एकच इलेक्ट्रॉन का देतो, दोन का नाही? दुसरा काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला आहे, केंद्रकाच्या जवळ. एवढा खर्च कुठल्याच स्फटिकातून भरून निघत नाही. संयुजा १ ही इथून येते. अष्टकाचा नियम या हिशोबाचा शॉर्टकट आहे, शॉर्टकट वापरायला हरकत नाही, फक्त तो शॉर्टकट आहे हे माहीत असू द्या.

मग "मिठाचा रेणू" म्हटलं तर मार्क का कापतात?

कापायलाच हवेत. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती ६ क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडिअम असतात, हा क्लोराइड नेमका कुठल्या सोडिअमचा असं सांगताच येत नाही. ज्या दोघांना जोडी म्हणून बोट दाखवता येईल अशी जोडीच तिथे नाही. सूत्रात एकास एक हे प्रमाण लिहिलेलं असतं, रेणू नाही. साखर, पाणी, कार्बन डायऑक्साइड यांचे मात्र खरे रेणू असतात.

आयनिक की सहसंयुज, पटकन ओळखायचं कसं?

धातू आणि अधातू असेल तर बहुधा आयनिक, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन दोघांत वाटून घेतलेले. शाळेतल्या दहापैकी नऊ उदाहरणांना हे चालतं. पण तीन ठिकाणी मुलं अडकतात. नवसागरात, म्हणजे अमोनिअम क्लोराइडमध्ये, एकही धातू नाही तरी तो आयनिक आहे, कारण अमोनिअम हा अख्खा गट धन आयन म्हणून वागतो. निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइडमध्ये धातू आहे पण त्याचे बंध बरेचसे सहसंयुज आहेत. आणि मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटमध्ये, दोन्ही आहेत, तांब्याचा आयन आणि सल्फेट आयन यांच्यात आयनिक ओढ आणि सल्फेटच्या आत गंधक-ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज बंध.

गुणधर्मावरून ओळखायचं असेल तर वितळलेल्या अवस्थेत वीज वाहते का ते बघा. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळल्यावर त्यातून वीज जाते, घन मिठातून जात नाही कारण आयन जागेवर अडकलेले असतात. साखर वितळवली तरी वीज जात नाही, ती फक्त जळायला लागते.

बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते ना? गॅस पेटतो तेव्हा तेच होतं ना?

नाही, उलट आहे, आणि ही चूक बारावीपर्यंत मुलांच्या डोक्यात राहते म्हणून इथे थांबून समजून घ्या. बंध तोडायला कायम ऊर्जा घालावी लागते. बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. हायड्रोजन जळण्याचा हिशोब करू, आकडे परत मोलचे, इथे दोन रेणू म्हणजे दोन मोल रेणू: हायड्रोजनचे दोन रेणू तोडायला ४३६ × २ आणि ऑक्सिजनचा एक रेणू तोडायला ४९८, एकूण १३७० किलोज्यूल. पाण्याचे दोन रेणू बनताना ऑक्सिजन-हायड्रोजन असे ४ बंध जुळतात, प्रत्येकी साधारण ४६३, म्हणजे १८५२. वजाबाकी ४८२ किलोज्यूल, ती उष्णता म्हणून मिळते. काडी ओढावी लागते ती सुरुवातीच्या तोडण्यासाठी, पुढचं तोडणं आधीच्या जुळण्यातून मिळालेल्या उष्णतेवर चालतं. घरच्या सिलिंडरमधल्या प्रोपेन आणि ब्युटेनचंही असंच आहे, फक्त बेरीज लांबलचक.

पाणी उकळलं की रेणू तुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात का?

होत नाहीत. बुडबुड्यांमध्ये पाण्याचीच वाफ असते. पाण्यात दोन प्रकारची धरपकड आहे, रेणूच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यात, आणि एका रेणूची शेजारच्या रेणूशी. एक मोल पाण्याची वाफ करायला साधारण ४१ किलोज्यूल लागतात, तेवढ्याच पाण्याच्या रेणूंमधले सगळे बंध तोडून सुटे अणू करायला ९२० च्या वर लागतात. वीसपट फरक आहे. त्यामुळे गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात आधी रेणूच एकमेकांपासून सुटतात, आतला बंध तसाच राहतो, आणि वाफ झाकणावर थंड झाली की परत पाणीच मिळतं. रेणू तोडायचा असेल तर विद्युत अपघटन करा.

मिश्रणं वेगळी करण्याच्या सगळ्या पद्धती या फरकावर उभ्या आहेत. ढिली पकड सोडवायची, घट्ट पकडीला हात लावायचा नाही.

मीठ पाण्यात विरघळणं हा भौतिक बदल की रासायनिक?

परीक्षेत भौतिक लिहा, कारण द्या की पाणी आटवलं की मीठ परत मिळतं. आता ज्यांना खरं जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी: स्फटिकातली सोडिअम-क्लोराइड ओढ विरघळताना सुटते आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू जमतात, ऑक्सिजनची बाजू सोडिअमकडे आणि हायड्रोजनची बाजू क्लोराइडकडे. म्हणजे एक बंध सुटला आणि दुसरी पकड आली. याला पूर्णपणे भौतिक म्हणणं मला स्वतःला थोडं अवघड वाटतं, पण नवा पदार्थ बनला नाही हे खरं आहे, आणि शालेय पातळीवर तोच निकष आहे.

मिश्रण आणि संयुग यांतला फरक थोडक्यात सांगा, तीन मार्कांना आहे.

लोहकीस आणि गंधकाची पूड घ्या. नुसती एकत्र केली तर कितीही प्रमाणात घेता येते, लोहचुंबक फिरवला की लोखंड निघून येतं, हे मिश्रण. तीच पूड तापवली की काळं आयर्न सल्फाइड बनतं, त्यात लोखंड आणि गंधक वजनाने ७ ला ४ याच प्रमाणात असतात, चुंबक फिरवून त्यातून लोखंड निघत नाही. प्रमाण, गुणधर्म, वेगळं करण्याची पद्धत, हे तीन मुद्दे उदाहरणासकट लिहिले की तीन मार्क.

बोर्डो मिश्रण हे मिश्रणच ना? नावातच आहे.

बोर्डो म्हणजे बागेत फवारायचं बुरशीनाशक. द्राक्षबागायतदारांच्या मुलांकडून हमखास येणारा प्रश्न, आणि कोकण-गोव्याच्या सुपारीवाल्यांना पण हे माहीत असतं. एक टक्का बोर्डो करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करतात. एकत्र झाल्याक्षणी अभिक्रिया होते, तांब्याची निळसर अविद्राव्य संयुगं तयार होतात आणि सोबत कॅल्शिअम सल्फेट. म्हणजे मोरचूद मोरचूद राहिलं नाही. नाव मिश्रण असलं तरी आत नवीन संयुगं बनलेली आहेत, आणि ते सगळं पाण्यात तरंगत असतं म्हणून एकूण द्रव हे निलंबन. पानावर चिकटून राहायला तेच उपयोगी पडतं.

चुना पुरेसा पडलाय का हे बघायला जुने बागायतदार त्यात विळा किंवा लोखंडी पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर तांब्याचे आयन अजून मोकळे आहेत, म्हणजे चुना कमी पडला, अजून घाला. ही दहावीच्या धड्यातली विस्थापन अभिक्रियाच आहे, लोखंड द्रावणात जातं आणि तांबं बाहेर पडतं. याच कारणाने बोर्डो लोखंडी ड्रममध्ये करत नाहीत, प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पिंपात करतात. शिक्षकांना एक विनंती आहे, विस्थापन शिकवताना परीक्षानळीतल्या खिळ्याबरोबर हे उदाहरण जरूर सांगा, ज्यांच्या घरी बाग आहे त्या मुलाला वर्गात पहिल्यांदा वाटेल की हे आपलं शास्त्र आहे.

समुद्राच्या पाण्यातून मीठ कसं काढतात? नुसतं आटवलं की झालं का?

नुसतं पूर्ण आटवलं तर जे मिळेल ते खाण्यालायक नसेल. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात सोडिअम क्लोराइड साधारण २७ ग्रॅम. बाकी मॅग्नेशिअमचे, कॅल्शिअमचे, पोटॅशिअमचे क्षार. उरण, पेण, पालघर, वसई, भाईंदर भागात मिठागरं आहेत किंवा होती, आगरी समाजाचं नाव ज्या आगरांशी जोडलेलं आहे ती हीच, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या जे चालतं ते रसायनशास्त्राच्या भाषेत टप्प्याटप्प्याने केलेलं स्फटिकीभवन आहे.

भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यांमधून एकातून दुसऱ्यात सोडत उन्हावर आटवत न्यायचं. आधी चुनखडीसारखा कॅल्शिअम कार्बोनेट बसतो. पाणी मूळच्या साधारण एक पंचमांश उरलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, खाली बसायला लागतं. एक दशांशाच्या आसपास आलं की मिठाचे स्फटिक सुरू होतात, आणि तोवर पाणी पुढच्या वाफ्यात गेलेलं असतं त्यामुळे जिप्सम मागच्या वाफ्यात राहतं. आता महत्त्वाचं म्हणजे शेवटपर्यंत आटवायचं नाही. मीठ बसल्यावर जे कडसर पाणी उरतं त्यात मॅग्नेशिअमचे क्षार गोळा झालेले असतात, ते पाणी काढून टाकायचं आणि मीठ ओढून ढीग करायचे.

हे जमतं कारण प्रत्येक क्षाराची विद्राव्यता वेगळी. १०० ग्रॅम पाण्यात मीठ साधारण ३६ ग्रॅम विरघळतं, जिप्सम जेमतेम पाव ग्रॅम. ज्याला पाणी कमी घट्ट धरतं तो आधी सुटतो. पुस्तकात बाष्पीभवन आणि स्फटिकीभवन या दोन वेगळ्या पद्धती म्हणून असतात, बाष्पीभवनात सगळं उरतं आणि स्फटिकीभवनात हवं तेच निवडून येतं, आणि हा फरक मिठागरावर उभं राहिलं की जितका स्पष्ट कळतो तितका कुठल्याच आकृतीतून कळत नाही. शाळेची सहल काढायची असेल तर एप्रिलमध्ये तिथे न्या.

पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?

थोडंफार मॅग्नेशिअम क्लोराइड मिठात राहून गेलेलं असतं आणि ते हवेतली आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. शुद्ध मीठही ७५ टक्क्यांच्या वर ओढतं, आणि कोकणात जुलैमध्ये हवा त्याच्या वरच असते, म्हणून पाकिटातलं मीठसुद्धा उघडं ठेवलं तर ओलसर होतं. झाकण घट्ट लावा.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती खाली कशी बसते?

चिकणमातीचे बारीक कण ऋणप्रभारित असतात, सगळे एकाच प्रभाराचे म्हणून एकमेकांना ढकलत राहतात आणि तासन्‌तास खाली बसत नाहीत. तुरटीतून ॲल्युमिनिअमचे तीन धनप्रभार असलेले आयन पाण्यात येतात, ते हा ऋणप्रभार झाकतात, शिवाय ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके होतात, त्यात माती अडकते, जड होते, बसते. मग वरचं पाणी निवळून घ्यायचं. पण तुरटीने जंतू मरतात असं समजू नका, पाणी निवळल्यावर उकळायचंच.

ताक घुसळून लोणी काढणं हे अपकेंद्री पद्धतीचं उदाहरण लिहू का?

बऱ्याच गाइडांमध्ये आहे, मी लिहू देत नाही. रवीने घुसळताना स्निग्धाच्या बारीक गोळ्यांवरचं आवरण फुटतं, ते एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि हलके असल्यामुळे वर येतात. इथे फिरण्यापेक्षा आपटण्याचं काम आहे. अपकेंद्रीचं खरं उदाहरण हवं असेल तर डेअरीत दुधापासून साय वेगळी करणारं यंत्र किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र लिहा.

कापूर आरतीत जळतो ते संप्लवन का?

ते ज्वलन. डबीत ठेवलेल्या कापराच्या वड्या न वितळता थेट वाफ होऊन हळूहळू लहान होत जातात ते संप्लवन, डांबरगोळ्यांचंही तसंच. या दोघांमध्ये रेणू रेणूला अगदी ढिलं धरून असतो म्हणून जमतं. नवसागराचं मात्र वेगळं आहे, तापवल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंड नरसाळ्यावर परत एकत्र येतात. पुस्तकात संप्लवन लिहिलंय तर तेच लिहा, आत काय होतं ते लक्षात असू द्या.

साधं ऊर्ध्वपातन कधी आणि भागशः कधी?

ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून परत गोळा करणं, आणि भागशः म्हणजे तेच उंच स्तंभातून टप्प्याटप्प्याने. उत्कलनबिंदूंमध्ये २५ अंशांपेक्षा चांगला फरक असेल तर साधं चालतं, कमी असेल तर भागशः. हवेत नायट्रोजन उणे १९६ ला, आर्गॉन उणे १८६ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशाला उकळतो, एवढ्याशा फरकाने वेगळे करायचे म्हणून द्रवरूप हवेला उंच स्तंभ लागतो. मुंबईत माहुलच्या रिफायनरीत दिसणारे उंच मनोरे तेच काम कच्च्या तेलावर करतात, वर गॅस आणि पेट्रोल, तळाला डांबर.

गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या ऊर्ध्वपातनात उर्राक मिळते, ती परत ऊर्ध्वपातित केली की फेणी. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं आणि पाणी १०० ला, फरक असूनही एका फेरीत शुद्ध अल्कोहोल मिळत नाही कारण दोघांचे रेणू एकमेकांनाही धरतात आणि दोघांची वाफ सोबत येते. स्तंभ कितीही उंच केला तरी साध्या पद्धतीने साधारण ९६ टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही.

२२ कॅरेट सोनं मिश्रण आहे म्हणता, मग गाळून, आटवून वेगळं का होत नाही?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ९१६ शिक्क्याच्या सोन्यात हजार भागांत ९१६ भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. प्रमाण बदलता येतं, १८ कॅरेटही करता येतं, म्हणून मिश्रण. पण इथे अणू नुसते शेजारी पडलेले नाहीत, सगळ्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक झालेले आहेत, धात्विक बंध आहे. पकड घट्ट आहे. त्यामुळे "मिश्रणातले घटक भौतिक पद्धतीने सहज वेगळे होतात" हा नियम इथे लंगडा पडतो आणि सोनं शुद्ध करायला तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, लागतं, त्यात चांदी आणि तांबं विरघळतात आणि सोनं तसंच राहतं. त्यातही गंमत अशी की सोनं जास्त असेल तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही, म्हणून आधी मुद्दाम चांदी मिसळून सोन्याचं प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आणतात.

याउलट झारेकरी बघा, सोनाराच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढणारे. तिथे सोनं आणि माती यांच्यात काहीच बंध नाही, फक्त घनतेचा फरक आहे, सोनं १९.३ आणि वाळू २.६ च्या आसपास, म्हणून नुसत्या पाण्याने काम होतं. एकच धातू, दोन कामं, आणि पद्धत ठरली ती त्याला कोण धरून आहे यावरून.

वाळू, मीठ, लोहकीस आणि नवसागर एकत्र आहेत, कुठल्या क्रमाने वेगळे करायचे?

आधी लोहचुंबक, लोहकीस गेला. मग तापवून संप्लवन, नवसागर वर नरसाळ्यात. उरलेल्यात पाणी घालून ढवळा, गाळा, वाळू गाळणकागदावर. शेवटी पाणी आटवा, मीठ. पाणी आधी घातलं तर नवसागर आणि मीठ दोन्ही विरघळतील, लोखंड गंजायला लागेल आणि काम वाढेल. उत्तरात प्रत्येक पायरीला कुठला गुणधर्म वापरला ते लिहा, अर्धे मार्क तिथेच असतात.

घरी करून बघण्यासारखं काय आहे?

काळ्या स्केचपेनचा ठिपका. गाळणकागदाची पट्टी घ्या, नसेल तर कॉफी फिल्टर किंवा टीपकागद, खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ मारा, तिच्यावर ठिपका द्या आणि पट्टी पेल्यात अशी लटकवा की पाणी रेघेच्या खाली राहील. रेघ पेनने मारू नका, तिची शाई पण पाण्याबरोबर चढेल. थोड्या वेळात काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळसर असे रंग वेगळे झालेले दिसतील. जो रंग कागदाला जास्त चिकटतो तो मागे राहतो आणि जो पाण्यात जास्त रमतो तो वर जातो. परमनंट मार्कर पाण्यात हलत नाही, त्याला पाण्याऐवजी थोडं सॅनिटायझर वापरा, विस्तवापासून लांब, आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन.

आणि काय अजिबात करू नये?

बाथरूममधलं ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका, "बघू काय होतं" म्हणून सुद्धा नाही. एकात हायपोक्लोराइट असतं, दुसऱ्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो जो बंद खोलीत फुप्फुसांना गंभीर इजा करतो. पालकांनी दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात आणि दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नयेत. चुकून मिसळलंच तर ते साफ करत बसू नका, लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, दार-खिडक्या उघड्या राहू द्या, आणि खोकला थांबत नसेल किंवा छातीत जळजळत असेल तर सरळ दवाखाना गाठा.